पथ्य

सावद्याबाहेर, रावेर रस्त्याला,
भुईकाट्याच्या केबिनमध्ये आम्ही खेळतो,
शनिवारी, दहानंतर.
जुन्या वजनपावत्या पाठीकडून चिकटवून
त्यावर मी एक राज्य काढलंय,
डोंगर जरा सातपुड्यासारखे आलेत, इलाज नाही.
पुण्याहून कुरिअरने मागवलेला वीस बाजूंचा फासा,
भाग्येशच्या आईचं भरीत, कळण्याची भाकरी.

पहिले सहा महिने माझी जादू कोणाला पटेना.
वहीत लिहिलं होतं: अग्निवलय, दिवसातून तीनदा.
तीनदाच का, रुखसारने विचारलं.
ती ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीची सिस्टर,
डोस कळल्याशिवाय सुई उचलत नाही.
मी म्हणालो, नियम आहे.
कोणाचा?
माझा.
ती भरिताकडे वळली.
किंजलच्या जादूगारणीने चौथ्यांदा आग लावली,
कोणी अडवलंही नाही.

मधेच गाडी येते, उठावं लागतं.
केळीने शिगोशीग, दिल्लीकडे निघालेली.
ड्रायव्हरला खाली उतरवायचं,
आकडा थरथरतो, थरथरतो, थांबतो.
चोवीस हजार चारशे दहा.
हा आकडा कोणाचा,
असं चिठ्ठी घेताना मला कोणी विचारलेलं नाही.

अशाच एका गाडीनंतर उखर्डू तात्या आठवला.
आमच्या गावात विंचू उतरवायचा.
मंत्र कधी ऐकू आला नाही, ओठ तेवढे हलायचे.
गावाला पाठ होतं ते त्याचं पथ्य.
पैसा घ्यायचा नाही. त्या घरचा चहासुद्धा नाही.
ग्रहणात कमरेइतक्या पाण्यात उभं राहून मंत्र जागवायचा,
सुकी कोरडी असली तर तापीपर्यंत पायी.
आणि दुधी भोपळा जन्माचा वर्ज्य.
का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.
गुरूने सोडायला लावला. आवडायचा म्हणे फार.

विष उतरायचं का?
रुखसार म्हणते, बहुतेकांचं आपोआप उतरतं,
उरलेले आमच्याकडे येतात, उशिरा.
मी वाद घालत नाही.
पण पंगतीत भोपळ्याची भाजी आली की
वाढपी तात्याच्या पत्रावळीपाशी
न थांबता पुढे सरकायचा,
आणि अख्खी ओळ ते बघायची.

मग एका वर्षी, नातीच्या ऑपरेशनच्या वेळी,
कोणीतरी पुढे केलेले पाचशे त्याने घेतले.
दुसऱ्या दिवसापासून
दारात कण्हत आलेल्याला सांगायचा,
"माझा बाटला रे बाबा,"
आणि दवाखान्यापर्यंतचं रिक्षाभाडं
स्वतःच्या खिशातून द्यायचा.
कोण तपासणार होतं?

घरी जाऊन मी वहीची अकरा पानं फाडली.
मंत्राने काय होतं ते थोडक्यात लिहिलं,
त्यापायी काय सुटतं ते सविस्तर.
आगीच्या मंत्राखाली एवढंच:
जी आग बोलावते, तिने उष्ण अन्न खायचं नाही.
का, ते लिहिलं नाही.
रुखसारने वाचलं. यावेळी विचारलंही नाही.

गेल्या शनिवारी थंडी होती, काचेवर दव.
भाग्येशचा योद्धा खिंडीत एकटा सापडला,
चारी बाजूंनी लांडगे.
आग लाव, तो म्हणाला. किंजल, लाव ना!
तिने फासा मुठीत घेतला,
खुळखुळवला,
आणि टेबलावर ठेवून दिला. टाकला नाही.
"दिवाळीआधी आपण त्या सरायीत उतरलो होतो.
म्हातारीने पिठलं दिलं होतं.
गरम होतं."

मला आठवत नव्हतं.
वहीतही नोंद नव्हती.
रुखसारचा घास हातातच राहिला.
भाग्येश नकाशाकडे बघत बसला,
जिथे कार्बनच्या निळ्या डागावर
त्याचा बटणाचा योद्धा उभा होता.

बाहेर गाडीने हॉर्न दिला.
पुन्हा दिला.
थांब म्हटलं, दोन मिनिटं.